शेऱ्याचा रकाना

किस्से कोणी ठरवून जमवत नाही, ते साठतात. रोज झाडून-पुसून घेतलं तरी आठवड्याने कपाटावर बोट फिरवलं की रेघ उमटतेच ना, तसं. आमच्याकडे तर त्यांना साठायला अधिकृत जागाच आहे. आमच्या लॉगबुकात शेवटचा रकाना 'शेरा' नावाचा. यंत्र आपलं आकडे लिहीत बसतं, पण एखादा आकडा वेडावाकडा का आला ते त्याला सांगता येत नाही. ते माणसाने लिहायचं, शाईच्या पेनाने, आणि खाली सही ठोकायची. हा करंदीकर सरांचा नियम. सर म्हणजे आमचे साहेब. माणूस हुशार, सज्जन, आणि नियमाच्या बाबतीत नव्या जावयासारखा हट्टी.

तो रकाना भरणारी माणसं दोनच, मी आणि तावडे. मी अंधेरीतल्या एका संस्थेच्या प्रयोगशाळेत सायंटिफिक असिस्टंट आहे. राहते घाटकोपरला. तावडे आमचा टेक्निशियन, मुलुंडहून येतो आणि मला शुभाताई म्हणतो. दोघांच्याही गुडघ्यांनी राजीनामे दिलेत, आम्ही ते मंजूर केलेले नाहीत.

कामाबद्दल थोडं सांगते, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल. वाटेल तसंही. तर आभाळ स्वच्छ असलं तरी हवेत, जमिनीपासून वर, थोडं थोडं व्होल्टेज असतं. आपल्याला ते जाणवत नाही. हवेत धूळ, धूर, सिमेंटचे कण उठले की त्या व्होल्टेजचं तंत्र बिघडतं. आमचं यंत्र ते मोजतं. धुळीचा लोट लांब असतानाच त्याच्या आलेखाची रेघ हलते, म्हणजे धूळ नाकात जायच्या आधी आपल्याला कळायला हवं. त्यातला 'हवं' हा शब्द लक्षात ठेवा, आमची सगळी नोकरी त्या एका शब्दावर उभी आहे.

यंत्र बसवलंय साकीनाक्याच्या मागच्या गल्लीत, एका सात मजली सोसायटीच्या गच्चीवर. सोसायटीच्या भिंतीला लागून पलीकडे काँक्रीट कालवायचा प्लांट आहे. तिथून सिमेंट उडतं आणि सोसायटीच्या चहात पडतं. कधी उडतं, कुठून येतं, ते आमच्या यंत्राने दाखवायचं, असा सगळा प्रकल्प.

०

यंत्राला उघडं आभाळ लागतं आणि आपल्याकडे उघडं आभाळ सोसायटीच्या कमिटीच्या ताब्यात असतं. तेव्हा आधी मीटिंग. सात माणसं, एक पंखा, आणि बारीक आवाजाचे सेक्रेटरी.

सरांनी हवेतच बोटाने चित्र काढून समजावलं. "आपल्या आजूबाजूच्या हवेत कायम वीज असते."

सेक्रेटरींनी शांतपणे विचारलं, "मग आमची लिफ्ट का बंद असते?"

सर या प्रश्नाची तयारी करून आले नव्हते. लिफ्ट त्या दिवशी बंद होती, आजही बहुतेक वेळा बंदच असते. मी गेली दोन वर्षं आठवड्यातून तीनदा ते सात मजले चढते आहे आणि अजून मला त्या प्रश्नाचं उत्तर मिळालेलं नाही.

शेवटी कमिटीने अट घातली. यंत्रामुळे बिल्डिंगवर वीज पडणार नाही असं लेटरहेडवर लिहून द्या. दुसरा कोणी असता तर देऊन मोकळा झाला असता. सरांनी रात्रभर विचार केला आणि लिहिलं, 'वीज पडायचीच असेल तर ती यंत्र नसतानाही पडेल.' मी म्हटलं, झालं, परवानगी गेली. सेक्रेटरींनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "हे पटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणी खरं लिहून दिलंय." आणि शिक्का मारला.

०

पहिल्याच महिन्यात आम्हाला झकास सिग्नल मिळाला. रोज सकाळी अकराच्या सुमाराला रेघ सरळ वर, पाऊणएक तास तिथे थरथरायची आणि मग खाली. रविवारीसुद्धा. सरांचा चेहरा असा खुलला की मला त्यांच्या लग्नाचा फोटो आठवला. प्लांटवाले अकराला सिमेंट भरतात, हाच तो लोट, म्हणून त्यांनी परिषदेसाठी निबंधाचा सारांशसुद्धा लिहून टाकला.

मला रविवार खटकत होता. रविवारी प्लांट बंद असतो. पण सर म्हणाले, "शुभांगीबाई, संशयाने विज्ञान पुढे जातं, पण तो सारखा नाही घ्यायचा."

मग मी एका रविवारी अकराला गच्चीवर गेले. स्वतःच्या सुट्टीत, स्वतःच्या गुडघ्यांवर. तिसऱ्या मजल्यावरच्या कदमबाई साडी वाळत घालत होत्या. सिंथेटिक, हिरवी, सहावारी. यंत्र म्हणजे एक डबा, त्यावर सतत फिरणारं पंख्यासारखं पातं, आणि त्यापासून दोन हातांवर दोरी. वाऱ्याने साडी फडफडत होती आणि दोरीला घासून अशी चार्ज होत होती की मी जवळ गेले तर माझ्या हातावरचे केस उभे राहिले.

"बाई, ही साडी रोज इथेच घालता?"

"हो. इथे त्या डब्याच्या पंख्याचा वारा लागतो ना. लवकर सुकते."

त्या रकान्यात मी लिहिलं, 'कदमबाईंची साडी', आणि सही केली. सर बराच वेळ ते वाचत बसले. मग हताश होऊन म्हणाले, "सारांश इंग्रजीत गेलाय. आता तिथे हे काय म्हणून लिहू?"

मी म्हटलं, "डोमेस्टिक सोर्स लिहा."

तसंच गेलं. छापूनही आलं.

०

कोळ्यांचं वेगळंच. यंत्राच्या आतल्या पांढऱ्या खुंट्यांवर कोळ्याने एक तंतू जरी टाकला, तरी सकाळच्या दमट हवेत सगळा चार्ज त्या तंतूवरून निघून जातो आणि रेघ मेल्यासारखी पडते. म्हणून तावडे दर सोमवारी स्पिरिटने खुंट्या पुसतो. पण सोमवारी त्याचा उपास. सोमवारी तो जीव मारत नाही. कोळ्याला कागदावर घेतो, गच्चीच्या पार टोकाला टाकीमागे नेऊन सोडतो आणि परत येतो. बुधवारी कोळी पण परत येतो.

मी त्याला म्हटलं, "अरे, मग मंगळवारी पूस ना."

"मंगळवारी मुलीचा क्लास असतो, शुभाताई."

कोळी तोच आहे की दरवेळी नवा, यावर आमचे वाद झालेत. तावड्याचं म्हणणं तोच आहे, चालीवरून कळतं.

०

आता राणे काका. यांच्याशिवाय पुढचं काहीच सांगता येणार नाही.

काका सातव्या मजल्यावर राहतात, यंत्राच्या बरोबर खाली. मूळचे मालवणकडचे, तीस वर्षं कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, उभे होते. छाती अर्धी कापसाने घेतली, गिरणी बंद झाली, उरलेली अर्धी आता सिमेंट घेतंय. प्लांटविरुद्धची तक्रार त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे. बाकीच्यांनी सही करतो करतो म्हणत केली नाही. मुलगा म्हणतो, गावी चला, तिथे हवा आहे. काकांचं उत्तर ठरलेलं, "धूळ त्येंची आणि घर मी सोडू?" त्यांना एकच गोष्ट हवी होती, सरकारी साहेबांच्या कागदावर लिहून यायला हवं की धूळ येते. खोकून खोकून सांगितलेलं कोणी धरत नाही म्हणून त्यांनी आमच्या यंत्रावर जीव लावला.

जीव लावला म्हणजे किती, ते आम्हाला तीन आठवड्यांनी कळलं. रोज सकाळी बरोबर सातला रेघेत एक टेंगूळ. तावड्याने जाऊन पाहिलं तर काका गळ्यातला लोकरी मफलर काढून यंत्र पुसत होते. आमच्या यंत्राजवळ माणूस नुसता उभा राहिला तरी रेघ हलते. हे तर लोकरीने घासत होते. तीन आठवड्यांच्या सकाळींची वाट लागली.

सर त्यांना समजवायला गेले. दोन तासांनी आले ते मच्छीकढी-भात जेवून. "बोललात?" मी विचारलं. म्हणाले, "विषय निघाला नाही." मग तावडे गेला. तो सोलकढी पिऊन आणि जायफळाची पुडी घेऊन आला. विषय त्यालाही सापडला नाही.

शेवटी मी गेले. काका म्हणाले, "बाय, याचा नाव काय?"

"फील्ड मिल म्हणतात, काका."

"मिल?" ते इतके हसले की खोकला आला. खोकला थांबल्यावर म्हणाले, "गिरणीत साच्यार हात फिरवल्याबिगर मी पाळी सुरू केली नाय कधी. मशीन वळखता माणसाचो हात."

मी एवढंच म्हटलं, काका, रोज सातच्या ठोक्यालाच पुसा, मागेपुढे नको. आणि रकान्यात लिहायला सुरुवात केली, 'राणे काका, सात वाजता.' रोज. सरांनी ते वाचलं आणि पहिल्यांदा नियमाबद्दल काही बोलले नाहीत.

०

मागच्या थंडीत एका सकाळी मी ऑफिसात आले, कॉम्प्युटर लावला आणि पाहिलं तर सातला टेंगूळ नाही. रेघ सरळ. मी आधी तावड्याला म्हटलं, "अरे, यंत्र बंद पडलंय का?" तो म्हणाला, "यंत्र चालू आहे, शुभाताई. काका बंद आहेत."

म्हणाला आणि त्याने काकांच्या घरचा नंबर काढून दिला. मी फोन लावला. काकूंनी उचलला तेव्हा त्या जिना उतरत होत्या, काकांना खुर्चीत बसवून चौघे खाली नेत होते, कारण लिफ्ट. मी त्या दिवशी कसलंच काम केलं नाही. रकान्यात काय लिहायचं ते सुचेना, म्हणून तो तसाच सोडला. दोन वर्षांत रिकामा गेलेला तो एकच दिवस.

आठ दिवसांनी काका घरी आले. डॉक्टरने काकूंना सांगितलं होतं, धूळ यायच्या आत खिडकी बंद झाली पाहिजे. आल्यावर बंद करून उपयोग नाही. काकूंनी मला विचारलं, "येवच्या आधी माका कसा कळतला?"

मी तावड्याकडे पाहिलं आणि तावड्याने माझ्याकडे.

०

त्याच आठवड्यात तावड्याने यंत्राची एक वायर खाली काकूंच्या घरात सोडली आणि तिला त्यांचीच दाराची बेल जोडली. रेघ ठरावीक रेषेच्या बाहेर गेली की बेल वाजायची. बेल चिमणीच्या आवाजाची होती. चिमणी बोलली की काकू हातातलं टाकून खिडकी लावायच्या. मग चार-पाच मिनिटांनी प्लांटकडून तो राखाडी पडदा यायचा आणि काचेला लागून थांबायचा. मी स्वतः पाहिलंय. परिषदांमध्ये आम्ही जे दाखवत होतो त्यापेक्षा हे कितीतरी खरं होतं आणि ते निबंधात घालायची सोय नव्हती.

आता घोटाळा असा की चिमणी कोणासाठीही बोलायची. संक्रांतीला गच्चीवर पोरं पतंग उडवायला चढली, तर दिवसभर. कावळा यंत्रावर बसला तरी. कदमबाई नवी साडी घेऊन आल्या तर विचारूच नका. काकू म्हणाल्या, "माझी सासू पण इतक्यांदा हाक मारी नाय हुती."

आणि दारात खरंच माणूस आला तरी तीच चिमणी. कुरियरवाल्याने बेल वाजवली की काकू धावत जाऊन खिडकी लावायच्या आणि निवांत बसायच्या. दार उघडायचं त्यांच्या डोक्यातच यायचं नाही. एकदा सर काकांना भेटायला गेले. बेल वाजवली. आतून खिडकी धाडकन बंद झाल्याचा आवाज. पुन्हा वाजवली. आतून काकूंचा आवाज, "लायलेली आसा गे, किती वाजतंस!" सर दहा मिनिटं दाराबाहेर उभे राहिले आणि परत आले. मला म्हणाले, "शुभांगीबाई, हे यंत्र संशोधनासाठी आहे. हे असं घरगुती वापराला देणं नियमात बसत नाही."

मी म्हटलं, "काढून टाकू?"

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मी फक्त सांगितलं."

एक मात्र झालं. खिडकी जवळजवळ कायमचीच बंद राहू लागली. धूळ कमी गेली, पण वारा पण गेला. सातव्या मजल्यावर वरून स्लॅब तापलेला. काका दुपारभर पलंगावर बसून असायचे. आडवं झालं की दम लागतो, बसलं की झोप येत नाही. "माझा काय," काकू म्हणायच्या, "पण ह्यांनी दुपारचो डोळो लावल्याक वर्ष झाला."

०

सरांच्या टेबलामागच्या भिंतीला एक आलेख चिकटवलेला आहे. पुस्तकातून मोठा करून घेतलेला. चांगल्या हवेच्या दिवशी, म्हणजे वारा मंद, आभाळ निरभ्र, धूळ नाही, अशा दिवशी रेघ कशी दिसते त्याचं चित्र. सकाळी थोडी चढते, मग शांतपणे वाहते. झोपलेल्या मुलाच्या पोटासारखी, हळूहळू वर, हळूहळू खाली. विद्यार्थी आले की सर ते दाखवतात. एका मुलीने विचारलं होतं, "सर, हा आपल्याकडचा आहे?"

"नाही," सर म्हणाले. "आपल्याकडे असा मिळालेला नाही."

दोन वर्षांत एकदाही नाही. साकीनाक्यात हवेला शांत बसताच येत नाही. रविवारी प्लांट बंद, तर बाकीच्या गल्लीतली गॅरेजं आणि पत्र्याचे कारखाने असतातच, वर कदमबाई. मी रोज तो भिंतीवरचा आलेख बघते आणि कंटाळून दुसरीकडे बघते.

०

तक्रारीचं काय झालं ते सांगायचं राहिलं. तपासणीला साहेब लोक तीनदा येऊन गेले. पहिल्यांदा आले त्या दिवशी प्लांटला मेंटेनन्स. दुसऱ्यांदा आले तेव्हा पलीकडे पाण्याचे दोन टँकर फवारा मारत होते, रस्ता असा ओला की कोणाला वाटावं सडा घातलाय. तिसऱ्यांदा पुन्हा मेंटेनन्स. तिन्ही वेळा कागदावर आलं, 'धूळ आढळली नाही.' काका म्हणाले, "सायब येतले तेव्हा धूळ रजेर जाता."

मग पत्र आलं की चौथी आणि शेवटची तपासणी होईल. यावेळीही काही आढळलं नाही तर तक्रार निकाली काढण्यात येईल. काकांनी ते पत्र आम्हाला वाचायला दिलं आणि परत घेऊन उशीखाली ठेवलं.

सरांनी पंधरा दिवस खपून फाईल केली. दोन वर्षांचे आलेख, रोजच्या लोटांच्या वेळा, वाऱ्याची दिशा, सगळं. अशी जाड फाईल की तावड्याला ती बगलेत धरता येईना.

०

आणि आता तो चौथ्या तपासणीचा दिवस.

मी सकाळी दहालाच गच्चीवर पोचले. पलीकडे पाहिलं आणि समजले. प्लांटच्या फाटकाला साखळी, आत एकही ट्रक नाही, सगळं धुऊन काढलेलं. शेजारची गॅरेजंसुद्धा बंद, कोणी कोणाला काय सांगितलं देव जाणे. कदमबाईंना आम्हीच हात जोडले होते. वारा मंद. आभाळ निळं.

सर लॅपटॉप उघडून बसले. मी मागे जाऊन पाहिलं. रेघ सकाळी थोडी चढली होती आणि मग शांतपणे वाहत होती. सर हळूच म्हणाले, "शुभांगीबाई, भिंतीवरची." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते आनंदाचं की कसलं, मी विचारलं नाही.

अधिकारी अकराला आले. मध्यम वयाचे, सभ्य गृहस्थ, सात मजले चढून पार दमलेले. पाणी प्यायले, फाईल बघितली. प्रत्येक पान उलटून बघितलं, हे कबूल केलं पाहिजे. मग म्हणाले, "सर, काम छान आहे हो. पण आमच्या फॉर्मात व्होल्टेजचा रकाना नाही. आज काय दिसतंय?"

सरांना खोटं बोलता येत नाही. त्यांनी लॅपटॉप फिरवला. "आज हवा उत्तम आहे."

"मग मी तेच लिहिणार ना."

"आज प्लांट बंद आहे," मी म्हटलं. "तुम्ही येणार म्हणून बंद आहे. तुम्ही गेलात की एक वाजता सुरू होईल."

ते म्हणाले, "मॅडम, मला काय कळत नाही का? पण मी पाहिलं तेच लिहायचं असतं." जरा थांबून ते पुढे म्हणाले, "एक करता येईल. तक्रारदाराचा जबाब. रोज धुळीचा त्रास होतो असं त्यांनी माझ्यासमोर सांगितलं आणि सही केली, तर ते मला जोडावं लागतं. मग तक्रार बंद करता येत नाही. चला, कुठे आहेत ते?"

तावडे तर जिना उतरायला लागलासुद्धा. दोन वर्षांचे आलेख चालले नाहीत तर नाहीत, काका नुसते बोलले तरी पुरे होतं. आणि काकांना बोलायचंच तर होतं. आम्ही चौघे एक मजला खाली आलो. तावड्याने बेलकडे बोट नेलं आणि मागे घेतलं. बेल वाजली तर काकू खिडकी लावायला धावणार. पण दार उघडंच होतं. काकू उंबऱ्यात उभ्या होत्या आणि त्यांनी ओठांवर बोट ठेवलं होतं.

त्यांच्या खांद्यावरून आतलं दिसत होतं. खिडकी सताड उघडी. पडदा हलत होता. काका पलंगावर आडवे, उताणे, तोंड किंचित उघडं, मफलर उशाशी. छाती हळूहळू वर, हळूहळू खाली.

"काकू," मी कुजबुजले, "साहेब आलेत. जबाब घ्यायचाय. काकांना उठवा."

काकूंनी मागे वळून बघितलं. "नाय," त्या म्हणाल्या. "सकाळपासून चिमणी वाजूक नाय. म्हणून खिडकी उघडलंय. उघडलंय तसो डोळो लागलो ह्यांचो. मी नाय उठवूचंय."

"दोनच मिनिटं, काकू," तावडे म्हणाला. त्याचा आवाज रडवेला झाला होता.

अधिकारी पुढे झाले. त्यांनीही आवाज खाली आणला. "काकू, नीट ऐका. आज जबाब झाला नाही तर तक्रार बंद होईल. पुन्हा उघडणार नाही. मग मी काय लिहू सांगा?"

काकूंनी विचार केला. आत एकदा पाहिलं, मग साहेबांच्या हातातल्या कागदाकडे.

"लिवा," त्या म्हणाल्या, "तक्रारदार झोपले होते."

साहेबांनी सरांकडे पाहिलं, सरांनी जमिनीकडे. मग साहेबांनी खरंच पेन काढलं आणि भिंतीला कागद लावून, उभ्या उभ्या, शेवटच्या रकान्यात तेवढंच लिहिलं. सही केली. जिन्याकडे वळले.

दोन पायऱ्या उतरले असतील, तेवढ्यात काकू चपला न घालताच बाहेर आल्या आणि कठड्यावरून वाकून हळू आवाजात म्हणाल्या, "सायबानू, उद्यापण येतल्यात काय?"